भावाचं पिस्तूल धुतलं तेव्हा

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. पाटोद्याच्या बाजारपेठेत सोन्याचांदीचं दुकान चालवायचं आणि समोरच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा, हे दोन्ही एका माणसाला जमत नाही. गिऱ्हाईक म्हणतं बिल हरवलं, मी आधी दागिना उलटा करून बघते. नवरा होता तोवर गोड बोलायचं काम त्याचं आणि बघायचं माझं. तो गेल्यावर दोन्ही कामं माझ्याकडे आली, त्यातलं गोड बोलणं मला अजून नीटसं जमत नाही. माहेरही सोनाराचंच. म्हणजे हा स्वभाव वारशानं आलेला आहे आणि मी तो जपला आहे.

तरी सख्ख्या भावाचा संशय घ्यायला जरा वेळ लागला.

हा माझा धाकटा भाऊ. वडिलांनी त्याला शेगडीसमोर बसवायचा प्रयत्न केला, पण तो तिथे टिकला नाही. बीडला गेला आणि गुत्तेदार झाला. रस्त्यांची, नाल्यांची कामं घेतो. चार लोक मागेपुढे करायला लागले तसा त्यानं पिस्तुलाचा परवाना काढला. अर्जात लिहिलं होतं की जिवाला धोका आहे. धोका कुणापासून, ते मला कधी कळलं नाही. त्याच्या रस्त्यांवरून रोज मोटरसायकल चालवणारे लोक सोडले तर त्याचं वाईट चिंतणारं मी कुणी पाहिलेलं नाही. लग्नात थोरामोठ्यांच्या पाया पडायला वाकला की त्याचा कुर्ता बरोबर हवा तेवढाच वर सरकायचा आणि कमरेचं ते सगळ्यांना दिसायचं. पूर्वी तो पाया पडायला टाळाटाळ करायचा. परवाना मिळाल्यापासून दिसेल त्याच्या पाया पडायला लागला.

निवडणूक लागली तेव्हाची गोष्ट. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, निकालानंतर परत मिळतात. भर दुपारी भाऊ दुकानात आला. हातात स्टीलचा जेवणाचा डबा. मला वाटलं, भावजयीनं काही करून पाठवलं असेल. त्यानं झाकण काढलं, आत सुती फडकं, आणि फडक्यात पिस्तूल सुटं करून ठेवलेलं. नळी आणि सांगाडा एका बाजूला, गोळ्या भरायची गोल चरखी वेगळी, मुठीच्या लाकडी फळ्या, स्क्रू, बारीकसारीक स्प्रिंगा.

‘आक्का, तुज्या त्या मशीनीत एवढं धुऊन दे.’

‘कशाला?’

‘ठाण्यात जमा करायचंय.’

‘मग कर की. पोलीस काय वास घेतेत का त्याचा?’

मी सहज बोलले होते. पण त्याचा चेहरा असा उतरला की माझा हात डब्यावरून मागे आला.

‘गोळ्या कुठंयत?’

‘घरी हायेत. एवढा येडा समजती का मला?’

‘घरी ब्रशनं घासायचं मग.’

‘बारीक फटीत ब्रश जात न्हाई. मोबाइलवर पाहिलंय मी, लोक असल्याच मशीनीत धुतेत. कर ना आता, लई इचारती बाई तू.’

आमच्याकडे दागिने धुवायला अल्ट्रासोनिक मशीन आहे. पूर्वी आम्ही रिठ्याच्या पाण्यात दागिना भिजवून ब्रशनं घासायचो. आता स्टीलच्या छोट्या टाकीत गरम पाणी ओतायचं, जाळीत दागिना सोडायचा आणि बटण दाबायचं. पाणी वरून जवळजवळ शांत दिसतं, नुसतं थरथरतं. एक बारीक, दात शिवशिवतील असा आवाज येत राहतो आणि ज्या फटीत सुईसुद्धा जाणार नाही तिथला मळ आपोआप बाहेर पडतो. धुराची रेघ निघावी तसा तो पाण्यात उतरतो. मंगळसूत्राच्या वाट्यांतून हळद निघते, पीठ निघतं, पावडर निघते. बायका काय सांगतात आणि त्यांच्या वाट्यांतून काय निघतं, हे मी इतकी वर्षं बघते आहे. नव्या सुनेला कामाला हात लावू देत नाही म्हणणाऱ्या सासूसमोर त्या सुनेच्या अंगठीतून शेण निघालेलं मी पाहिलं आहे.

चांदी धुवायचं औषध मी टाकीतून काढून ठेवलं. पोलादावर त्याचा काय परिणाम होईल कुणास ठाऊक, पिस्तुलाचा तो निळसर काळा रंग उतरला असता तर भावानं जन्मभर ऐकवलं असतं. साधं गरम पाणी घेतलं, भांड्याच्या साबणाचे थेंब टाकले. लाकडी फळ्या बाजूला ठेवल्या. बाकी सगळं जाळीत ठेवून जाळी टाकीत सोडली आणि बटण दाबलं.

चरखीच्या प्रत्येक भोकातून काळं निघालं. नळीच्या तोंडातून त्याहून काळं. बघता बघता जाळी दिसेना. मळ मी ओळखते, आणि हा तसला नव्हता. नुसती धूळ असती तर पाणी मातकट झालं असतं. तेल असतं तर वर तवंग आला असता. हे कंदिलाच्या काजळीसारखं होतं, आणि गरम पाण्याच्या वाफेबरोबर जो वास वर आला तो लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात येतो तो.

‘कवा उडवलीस?’ मी विचारलं.

‘कवाच न्हाई.’

‘फटाक्याचा वास येतोय.’

‘जुनं तेल असतंय त्यात, ते तसंच वास मारतंय. नारायणगडाची शपथ आक्का, एक गोळी उडवलेली न्हाई मी.’

मी त्याला शपथ घातली नव्हती. न मागता शपथ घेणारं गिऱ्हाईक आलं की मी कसोटीचा दगड जवळ ओढते. पण हा भाऊ. मी पुन्हा एकदा मशीन लावलं. भाग स्वच्छ निघाले. तेवढ्यात तो म्हणाला, ‘ते पानी दे मोरीत वतून.’

इथे मी त्याच्याकडे नीट बघितलं.

सोनाराच्या घरात धुण्याचं पाणी कुणी फेकत नाही. काम झाल्यावर हात धुतलेलं पाणीसुद्धा मागच्या पिंपात जातं. दुकानाचा केर, शेगडीची राख, बुडाखालचं जुनं झालेलं बसकूर, सगळं साठवायचं. त्यात सोन्याचा कण असतो. वर्षातून एकदा झारेकरी येतो, तो ते सगळं घेऊन जातो, धुतो, गाळतो आणि त्यातून सोनं काढतो. लहानपणी माझ्या ह्याच भावानं कागदाची होडी सोडायला पिंपातलं पाणी अंगणात ओतलं होतं, तेव्हा वडिलांनी त्याला असा झोडपला होता की आई मध्ये पडली. तो माणूस मला सांगत होता की पाणी मोरीत ओत.

‘त्यात सोनं न्हाई, पिस्तुलाची घान हाय,’ तो म्हणाला आणि स्वतःच टाकी उचलायला लागला.

मी त्याच्या हातावर फटका मारला. ‘ह्या दुकानातलं पाणी मोरीत जात नाही. तुला काय करायचंय त्या पाण्याचं?’

‘काय न्हाई. घान हाय म्हनून म्हन्लं.’

मी त्याच्यादेखत पाणी पिंपात ओतलं. मग ठरवलं की हत्यार आज ह्याच्या हातात द्यायचं नाही. पोलाद ओलं राहिलं तर गंजतं, पूर्ण वाळवून तेल द्यावं लागेल, उद्या ये, असं सांगितलं. ते खोटंही नव्हतं. आणि वर म्हणाले, ‘येताना बायकोला घेऊन ये. लग्नाच्या वाढदिवसाला पैंजण द्यायचे राहिलेत माझ्याकडून. पायाला घालून बघू दे.’

‘तिला कावून? दे की माज्याकडं.’

‘पैंजण तू घालणारेस का?’

तो हसला, पण उशिरा हसला.

तो गेल्यावर मी दुकानात बसून एकेक स्प्रिंग फडक्यानं पुसत होते आणि डोक्यात नको नको ते येत होतं. कुणावर उडवली? कामाच्या भांडणात कुणाला लागलं का? आठवड्याभराची वर्तमानपत्रं चाळली. मारामाऱ्या होत्या, गोळीबार कुठे नव्हता. शिलाई मशीनचं तेल नळीला लावताना मला माझ्याच हातांची किळस आली. मळ निघाला होता, पण कशाचा ते कळल्याशिवाय ती वस्तू स्वच्छ झाली असं वाटेना.

मग मला त्यांचा लग्नाचा वाढदिवस आठवला. लग्नसराईमुळे मी गेले नव्हते. भावानं स्टेटसला व्हिडिओ टाकला होता. शेतातला मांडव, दोघांच्या फोटोचा मोठा बॅनर, केक, डीजे. संध्याकाळी पुन्हा बघायला गेले तर तो काढून टाकलेला. त्यानंतर काही दिवसांनी कळलं की भावजयीचा कान दुखतो, म्हणून तिला अंबाजोगाईला नेलं होतं. भाऊ म्हणाला, न्हाताना कानात पाणी गेलं. तेव्हा मी ‘काळजी घ्या’ म्हणून फोन ठेवला होता. आता वाटलं, बीडमध्ये घरापासून हाकेच्या अंतरावर कानाचे डॉक्टर असताना ह्यानं तिला एवढ्या लांब का नेलं? बीडमध्ये ह्याला सगळे ओळखतात, म्हणून?

मी भावजयीला फोन लावला. तिनं उचलला.

‘जेवलीस का?’

उत्तर आलं नाही. काहीतरी खरखर झाली. ‘थांबा आक्का, फोन हिकडच्या कानाला लावते. हां, बोला.’

ही बाई स्वयंपाक करताना फोन कायम डाव्या खांद्यात धरते, मान वाकडी करून, हे मी कितीदा पाहिलंय. आता काही विचारायला नको, शेजारी तो असेल, म्हणून मी नुसतं पैंजणांचं बोलले.

दुसऱ्या दिवशी दोघं आली. भाऊ पायरीवरच फोनवर बोलत थांबला, भावजय आत आली. डोक्यावरून पदर, आणि तो डाव्या गालावर ओढून घेतलेला. माझ्या दुकानात ती कधी पदर घेत नाही. गोरी, हसरी, सगळ्यांशी बोलणारी बाई, पण त्या दिवशी माझ्या तोंडाकडे बघत होती, ओठांकडे.

पैंजण काढायच्या आधी मी झुब्यांचा ट्रे काढला. ‘नवीन आलेत. घालून बघ,’ म्हणाले आणि ती नको नको म्हणेपर्यंत तिचा पदर मागे सारला. आजवर पाटोद्यातल्या निम्म्या पोरींचे कान मी टोचले आहेत. माणसाचा कान मला चेहऱ्याइतका वाचता येतो. तिच्या डाव्या कानाच्या मागून जबड्यापर्यंत पावडरखाली बारीक निळसर काळे ठिपके होते. गोंदणारणीची सुई भलतीकडे फिरावी तसे.

‘हे काय गं?’ मी त्याच बाजूनं विचारलं.

तिनं आरशात झुबा निरखला. मी दुसऱ्या बाजूला गेले आणि पुन्हा विचारलं. तेव्हा तिचे डोळे भरले.

‘वाढदिवसाला उडवली,’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘लोक फोन धरून हुबे व्हते. ह्यांनी एक हात माज्या खांद्यावर टाकला अन् दुसऱ्यानं उडवली. वरच धरली व्हती आक्का, खोटं न्हाई बोलत. पर कानाला लागूनच. चटका बसला, अन् मंग शिट्टी वाजाया लागली ती वाजतीच हाय. मी हसत व्हते. व्हिडिओत बी हसतेच हाय.’

‘डॉक्टर काय म्हणाले?’

‘फटाका फुटला म्हनून सांगितलं तितं. ते म्हनले, डाव्यानं आता ऐकू येनार न्हाई. उजवा बी अधू झालाय, तो जपा.’

‘ह्याला सांगितलंस?’

‘सांगितलं की. ते म्हनतेत नाटकं करती. माहेरचं बोलनं बरं ऐकू येतंय म्हनतेत. मंग मी सांगायचंच सोडलं.’ तिनं दाराकडे पाहिलं. ‘विलेक्शन झालं की पुतन्याचं लगीन हाय. तवा बी उडवायची म्हनतेत. मला शेजारीच हुबं ऱ्हावं लागंल. मला एकच कान ऱ्हायलाय, आक्का.’

मला इतका राग आला की हातातला ट्रे ठेवताना झुबे सांडले. तिला पैंजणांचा जोड दिला, उजेडात बघ म्हणून पलीकडच्या आरशापाशी पाठवलं आणि भावाला आत बोलावलं. प्रचाराची रिक्षा भोंगा लावून दारावरून चालली होती. त्या आवाजात मी त्याला म्हणाले, ‘शपथ गडाची घेतलीस. गडाला तरी सोडायचं होतंस.’

तो समजला. तसा हुशार आहे.

‘हवेत उडवली गं. खुशीत. कुनावर धरली का मी? आन् बोलू नको कुठं, गुन्हा दाखल व्हईल, परवाना जाईल. परवाना म्हंजे इज्जत हाय माजी.’

‘तिचा कान गेला.’

‘कशाचा गेला! तिला समदं ऐकू येतंय. सोयीनं बहिरी हुती ती.’

मला खरं तर त्याच्या तोंडात मारायची होती. पण मार खाऊन तो फक्त रुसला असता, लहानपणापासून तसाच आहे. मी रिक्षा लांब जाऊ दिली. भोंगा ऐकू येईनासा झाला, रस्ता जरा शांत झाला. मग मी उठून भावजयीच्या मागे, डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. आरशात माझं तोंड दिसणार नाही अशी. आणि माझ्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, ‘ह्याला सोड. माझ्याकडं ऱ्हायला ये. उद्याच ये, मी सांभाळते तुला.’

ती पैंजण उजव्या कानाजवळ नेऊन हलवत होती. मान कलती करून ऐकत होती.

‘घुंगरू लई बारीक हायेत ह्याचे,’ ती आमच्याकडे वळून हसत म्हणाली. ‘वाजतेत का, आक्का?’

मी भावाकडे पाहिलं. त्याच्या हातातल्या मोबाइलमधून कुणीतरी ‘हॅलो, हॅलो’ करत होतं. तो बंद करायचंही त्याला सुचलं नाही. त्याला वाटत होतं की बायको नाटक करते. पण नवऱ्याला सोड म्हणून नणंदेनं कानाशी ओरडून सांगितल्यावर नाटक करणारी बाईसुद्धा दचकली असती. हे त्यालाही कळत होतं.

तो तिच्याजवळ गेला. मी सरकले. माझ्याच जागी उभा राहून तो तिच्या डाव्या कानाशी वाकला आणि काहीतरी पुटपुटला. मला एवढंच ऐकू आलं, ‘चुकलं माजं.’

त्याचा श्वास मानेला लागला असेल, ती वळली. ‘काय म्हन्लात?’

‘काय न्हाई,’ तो म्हणाला. ‘पैंजन चांगले हायेत म्हन्लं.’

आणि तो सुटल्यासारखा ‘डबा दे’ म्हणत दाराकडे निघाला. म्हणजे माफी मागून झाली होती, कुणी ऐकलीही नव्हती, आणि आता पिस्तूल घेऊन निघायचं! मी पिस्तुलाचा डबा गल्ल्याच्या कप्प्यात टाकला आणि किल्ली फिरवली.

‘त्या कानात सांगून काय उपयोग?’ मी म्हणाले. ‘उजव्या बाजूला ये आणि तेच बोल. तोवर डबा मिळणार नाही.’

‘आक्का, बाजारात तमाशा नको.’

‘मांडवात लोकांसमोर केलास तो काय होता?’

भावजय आळीपाळीनं आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती. काय चाललंय ते तिला आमच्या चेहऱ्यांवरूनच कळलं असावं. तिनं पैंजण काचेवर ठेवले. उजव्या कानातला आपला झुबा काढला, केस कानामागे सारले आणि तो कान त्याच्याकडे करून उभी राहिली. नुसती वाट बघत राहिली.

त्यानं आधी दाराबाहेर बाजाराकडे पाहिलं. मग आला आणि बोलला. ह्या वेळी पुटपुटला नाही, मला सगळं ऐकू आलं. चुकलं म्हणाला, खोटं बोललो म्हणाला, पुन्हा उडवणार नाही म्हणाला. माझा त्याच्यावर विश्वास बसला का? नाही. अजूनही बसलेला नाही.

भावजयीनं शेवटपर्यंत मान हलवली नाही. तो थांबल्यावर म्हणाली, ‘ऐकलं.’

माफ केलं असं ती म्हणाली नाही. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, अजून काहीतरी येईल म्हणून. तिनं झुबा परत कानात घातला, त्याची मागची फिरकी घट्ट केली आणि माझ्यापुढे हात केला.

‘आक्का, डबा माज्याकडं द्या. ठान्यात मीच जमा करायला लावते, अन् परत आनायचा का न्हाई ते मीच सांगंल.’

मी कप्पा उघडला आणि डबा तिच्या हातात दिला.